वाळूतल्या बग्गीचं पासिंग

ब्रिटनमध्ये एखाद्याला घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने मोटार बांधून ती रस्त्यावर आणायची असेल, तर कायद्याने त्याच्यासाठी वाट ठेवलेली आहे. वाट अरुंद आहे, पण खरी आहे. पाइप वाकवून सांगाडा करा, मोडीत निघालेल्या गाडीचं इंजिन आणा, चाकं जोडा आणि गाडी सरकारी तपासणी केंद्रात न्या. तिथला तपासनीस काही तास गाडीच्या भोवती फिरतो, खाली वाकतो, आत बसतो, ती चालवून पाहतो. पास झाली तर प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नंबर मिळतो, आणि मग ती गाडी शेजारच्याच्या शोरूममधून आणलेल्या गाडीइतकीच रस्त्याची हक्कदार होते. या तपासणीला 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल' म्हणतात. गाड्या बांधणारे नुसतं 'आयव्हीए' म्हणतात. आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर एकट्या गाडीचं पासिंग.

या वाटेने जाणाऱ्या गाड्यांमध्ये मला सगळ्यात जास्त कुतूहल ऑफ-रोड बग्गीचं वाटतं. जुन्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यापासून डांबरी रस्ताच असतो. बग्गी जन्माला येते ती वाळू, चिखल आणि खडकांसाठी. चाकं उघडी, सस्पेन्शन उघडं, दारं नाहीत, छत नाही, नाक हलकं, टायर फुगीर. वाळूत यातली प्रत्येक गोष्ट गुण असते आणि रस्त्यावर तीच गोष्ट तपासनीसाच्या वहीत जाऊन बसते. त्यामुळे ही बग्गी पास कशी करायची हे पाहू लागलं की रस्त्याचा एकेक नियम कुणाच्या बाजूने उभा आहे ते दिसू लागतं. गाडी किती चढते, किती उंच उडते याची तिथे विचारपूस नसते. जे तिच्यात बसलेले नाहीत आणि ज्यांना ती कुणी बांधली हे ठाऊक नाही, अशा लोकांशी ती कशी वागेल, याची मात्र कसून असते.

बग्गीचा आजचा अवतार कॅलिफोर्नियातला. न्यूपोर्ट बीचचे ब्रूस मेयर्स होड्या बांधायचे आणि लाटांवर सर्फिंग करायचे. १९६४मध्ये त्यांनी होड्यांसाठी वापरतात त्याच फायबरग्लासची उघडी बॉडी घडवली आणि तिला फोक्सवॅगन बीटलचं इंजिन आणि सस्पेन्शन लावलं. तीच 'मेयर्स मँक्स'. पहिल्या काही गाड्यांची बॉडीच सगळा भार पेलत होती; ते महाग पडू लागल्यावर त्यांनी बीटलचा अख्खा तळपत्रा घेतला, मधून साडेचौदा इंच कापून आखूड केला आणि त्यावर बॉडी बसवली. १९६७मध्ये मेयर्स आणि त्यांचे मित्र टेड मँगल्स यांनी मँक्समधून मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाची सुमारे हजार मैलांची खडतर वाट ३५ तासांच्या आत पार केली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिथली पहिली मोठी शर्यतही मँक्सनेच जिंकली. मग नकला निघाल्या. आखूड केलेली बीटल आणि वर फायबरची बॉडी, हा बेत जगभर पसरला आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पोचला. तिथे वाळूचे डोंगर फारसे नाहीत, त्यामुळे या बग्ग्या पहिल्यापासूनच रस्त्यावर धावल्या.

तेव्हा फार विचारणारं कुणी नव्हतं. तळपत्रा कापला, बॉडी बदलली, तरी कागदोपत्री गाडी बहुतेकदा बीटलच राहायची. १९९८मध्ये 'सिंगल व्हेइकल अप्रूव्हल' नावाची तपासणी आली आणि २००९मध्ये तिची जागा आयव्हीएने घेतली. गाड्यांची नोंदणी करणारं खातं, म्हणजे डीव्हीएलए, अनेक वर्षं जुन्या गाडीची ओळख गुणांवर ठरवत आलं. मूळ, न कापलेल्या चासीला पाच गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्सची जोडणी आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. इंजिनाला फक्त एक. आठ गुण भरले तरच जुना नंबर ठेवता यायचा. चासी कापली की पाच गुण तिथेच गेले. इंजिनाला सगळ्यात कमी गुण दिलेले पाहून नव्याला नवल वाटेल, पण त्यात अर्थ आहे. इंजिन बदललं तरी गाडी तीच राहते. सांगाडा बदलला की अपघातात ती कशी वागेल हेच बदलतं.

आज पाइपांची नवी बग्गी बांधणाऱ्याला हा हिशेब करावाच लागत नाही. त्याची गाडी कुठल्याच जुन्या गाडीची वारसदार नसते, तिला आयव्हीए द्यावीच लागते. सवलत एवढीच की 'हौशी बांधणी' हा वेगळा वर्ग आहे. गाडी स्वतःच्या वापरासाठी बांधलेली असावी, धंदा म्हणून नव्हे, आणि ती आपणच बांधली याचा पुरावा द्यावा. म्हणून शहाणा बांधणारा पहिल्या दिवसापासून फोटो काढतो आणि प्रत्येक पावती जपतो. या वर्गाला कारखान्यासारखी गाडी भिंतीवर आपटून दाखवावी लागत नाही. त्याऐवजी तपासनीस डोळ्याने, हाताने आणि साध्या मापांनी जे तपासता येईल ते सगळं तपासतो. काय तपासणार याचं पुस्तक सरकारच प्रसिद्ध करतं, कुणालाही फुकट वाचता येतं. पहिला पाइप कापण्याआधी ते पुस्तक वाचावं असं माझं ठाम मत आहे. तयार गाडीला नियम लावत बसण्यापेक्षा नियमांच्या मापात गाडी आखणं कितीतरी स्वस्त पडतं.

सांगाड्याची कला स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे गरजेपुरतंच सांगतो. पाइप शक्यतो बिनजोडाचा, थंड अवस्थेत ओढून काढलेला घेतात, कारण तो मापाला पक्का असतो. वाकवताना तो चपटा झाला तर ताकद तिथेच संपते, म्हणून बाकाचं यंत्र चांगलं लागतं. दोन पाइप मिळतात तिथे एकाचं तोंड दुसऱ्याच्या गोलाईत बसेल असं कोरून घेतात. फट राहिली आणि ती वेल्डिंगने भरून काढली, तर जोड दिसायला मजबूत पण आतून कच्चा राहतो. जिथे चौकोन दिसेल तिथे तिरपा पाइप टाकून त्रिकोण करायचा. चौकोन दाबाखाली कलंडतो. त्रिकोण आपला आकार सोडत नाही. हे सगळं सपाट टेबलावर, पाइप जखडून करायचं, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाडा ओढला जातो आणि मग चारही चाकं एका पातळीत येत नाहीत.

आता तपासणी. बांधणारे सगळ्यात जास्त घाबरतात ते कडांना. तपासनीसाकडे १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. जमिनीपासून दोन मीटर उंचीपर्यंत गाडीच्या बाहेरच्या अंगाला हा गोळा जिथे जिथे टेकतो, तिथली प्रत्येक टणक कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल असली पाहिजे. पोटाखालचा भाग यातून वगळलेला आहे, त्याची रेषा कशी काढायची तेही ठरलेलं आहे. बाकी सगळं तपासलं जातं. नियमाचं कारण सरळ आहे. सायकलवाला किंवा पायी चालणारा गाडीला घासला तर तोच धक्का रुंद, गोल भागावर पसरतो आणि मुका मार बसतो. धारदार कडेवर तो रेषेत एकवटतो आणि मांस कापतो. गाडीचा वेग तेवढाच, वजन तेवढंच, जखम मात्र वेगळी.

बग्गीच्या बाजूने एक गोष्ट असते: गोल पाइप मुळातच गोल आहे. अडचण पाइपांची नसून पाइपांना जोडलेल्या पट्ट्यांची असते. सस्पेन्शनचे आर्म, दिवे, मडगार्ड, सीट, सगळं काही सपाट पत्र्यातून कापलेल्या कानांवर अडकवलेलं असतं. हौशी माणूस त्यासाठी तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतो, कारण ताकदीला तो पुरतो. आता हिशेब करा. तीन मिलिमीटरच्या पत्र्याची कड कितीही घासली, अगदी अर्धगोल केली, तरी तिची त्रिज्या दीड मिलिमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. अडीचची त्रिज्या हवी तर पत्रा पाच मिलिमीटरचा हवा. तेवढं वजन नको असेल तर कडेला गोल सळई वेल्ड करा, कड आत दुमडा किंवा तो कान गोळा पोचणार नाही अशा खोबणीत आधीपासूनच आखा. पुस्तक आधी वाचायचं ते यासाठी. गाडी रंगवून झाल्यावर ही गोष्ट कळली तर उरतो तो रबराच्या पट्टीचा उपाय. मऊ रबराला कडेचा नियम लागत नाही, पण पट्टी पक्की चिकटलेली हवी. तपासनीस ती ओढून पाहतो.

मग बोल्ट. बग्गीला शेकडो नट-बोल्ट असतात आणि नटाबाहेर आलेला आट्यांचा प्रत्येक तुकडा तपासनीसाला दिसतो. त्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या बसवतात. पाइपांची उघडी तोंडं घुमटी झाकणांनी बंद करतात. सायलेन्सरचं टोक, नंबर प्लेटचे कोपरे, आरशाची दांडी, टोइंगचा हुक, एकही सुटत नाही.

आतल्या बाजूला गोळा मोठा होतो, १६५ मिलिमीटरचा, कारण तो माणसाच्या डोक्याच्या जागी आहे. डॅशबोर्ड, स्विच, सांध्यांवरचे पत्रे, धडकेत डोकं जाऊ शकेल ते सगळं तो शोधतो. इथे बग्गीचा एक मोठा विरोधाभास समोर येतो. डोक्याभोवतीचा रोल केज शर्यतीत जीव वाचवतो, कारण शर्यतीत डोक्यावर हेल्मेट असतं. दुधाची पिशवी आणायला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर काही नसतं, आणि डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी पाइप असतो. किरकोळ धडकेतही कवटी त्यावर आदळू शकते. म्हणून पाइपांवर जाड गादी हवी आणि सीट अशी बसवायला हवी की पाइप डोक्याच्या वाटेत कमीत कमी येईल. पट्ट्याचंही तसंच. खांद्यावरून जाणारा पट्टा फार खाली बांधला तर धडकेच्या क्षणी तो माणसाला मागे धरण्याऐवजी खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर येतो. सुरक्षेचं साधन चुकीच्या जागी बसलं की तेच इजा करतं, याची इतकी स्पष्ट उदाहरणं दुसरीकडे क्वचित मिळतील.

कडा वेळ खातात, पण गाडी बांधणाऱ्याची खरी परीक्षा स्टिअरिंगमध्ये होते. तपासनीस गाडी चालवत गोल वळतो, स्टिअरिंगवरची पकड सैल करतो आणि पाहतो: चाकं आपणहून सरळ व्हायला निघतात का? नाही निघाली तर नापास. कारखान्याच्या गाडीत आपण हे इतकं गृहीत धरतो की त्यामागे काही करामत आहे हे लक्षातही येत नाही.

करामत कोनाची आहे. पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस बाजूने पाहिला तर सरळ उभा नसतो, वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं. या कोनाला कॅस्टर म्हणतात. तो आस खाली जमिनीपर्यंत वाढवला तर तो टायर जिथे टेकतो त्याच्या थोडा पुढे जमिनीला भिडतो. म्हणजे टायर आसाच्या मागे ओढला जातो, आणि ओढली जाणारी वस्तू ओढणाऱ्याच्या रेषेत येऊ पाहते. ऑफिसातली खुर्ची ढकलल्यावर तिची छोटी चाकं आपोआप मागे फिरतात ती याच तत्त्वाने. वळताना टायरवर आडवा जोर येतो, तो आसाच्या मागे लागतो, आणि चाकाला सरळ करतो.

हा जोर टायरवरच्या भाराने वाढतो, आणि बग्गीची गोम नेमकी तिथे आहे. इंजिन मागे, माणूस मध्ये, पुढे जवळपास काहीच नाही. वाळूत रुतणारं नाक नको म्हणून ते मुद्दाम हलकं ठेवलेलं असतं. पुढच्या टायरवर भार कमी, म्हणून परत फिरवणारा जोर कमी. त्यात सांधे नवे आणि घट्ट असतील तर तेवढा जोर घर्षणातच जिरतो. चाक वळलेलं तसंच राहतं. बीटलवरच्या बग्गीत आणखी एक भर पडते. रुबाबासाठी मागे मोठे टायर आणि पुढे लहान लावले की सगळी गाडी पुढे झुकते आणि झुकताना तेवढा कॅस्टर गिळून टाकते. यावर जुना उपाय आहे: बीटलच्या पुढच्या ॲक्सलच्या दोन नळ्यांपैकी खालच्या नळीमागे धातूचे पातळ तुकडे घालायचे. खालची नळी पुढे सरकते, आस मागे कलतो, कोन परत मिळतो. नव्या बग्गीत आर्मची लांबी आटे फिरवून कमी-जास्त करता येईल अशी सोय आधीच ठेवतात. पुढची चाकं समांतर आहेत का, सांधे सैल फिरतात का, टायरमध्ये हवा पुरेशी आहे का, हेही पाहावं लागतं. वाळूत हवा कमी ठेवायची सवय असते. रस्त्यावर तीच सवय स्टिअरिंग जड करते.

मला हा नियम फार आवडतो. चालकाला शिंक आली, हात सुटला, क्षणभर लक्ष उडालं, तर गाडीने सरळ वाटेकडे जायला हवं, समोरून येणाऱ्याच्या अंगावर नव्हे. एवढी साधी अपेक्षा आहे, आणि ती यंत्राकडून करता येते हे माणसाने शोधून काढलं आहे.

ब्रेकचं तर्कशास्त्र याच घराण्यातलं. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे झेपावतो, मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडीची शेपूट सुटते आणि ती गरकन फिरते. पुढची आधी लॉक झाली तर वळता येत नाही, पण गाडी सरळ तरी जाते. दोन वाइटांतलं कमी वाइट म्हणून नियम सांगतो: मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत. बग्गीत नाक हलकं असल्याने हा तोल साधणं कठीण जातं. त्यासाठी पेडलमागे एक आडवी दांडी असते. तिचा स्क्रू फिरवून पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा वाटा बदलता येतो. शर्यतीत हा स्क्रू हाताशी हवा असतो. आयव्हीएमध्ये मात्र वाटा ठरवल्यावर तो कायमचा पक्का करून दाखवावा लागतो, भोक पाडून पिन ठोकून किंवा वेल्ड करून. पुढे कुणी गाडी विकत घेतली आणि सहज स्क्रू फिरवला तर काय, हा त्यामागचा विचार आहे. ब्रेक ऑइलचे दोन स्वतंत्र मार्ग लागतात, म्हणजे एक पाइप फुटला तरी निदान दोन चाकं थांबवतील. ऑइल कमी झालं तर डॅशबोर्डवर दिवा लागला पाहिजे. हँडब्रेक तारेचा किंवा दांड्याचा, ऑइलवर अवलंबून नसलेला हवा. वायरी आणि इंधनाच्या नळ्या लोंबकळत ठेवायच्या नाहीत. वायरींना तर दर ३०० मिलिमीटरवर आधार हवा, कारण लोंबणारी वायर घासते, सोलते आणि एक दिवस पेटते.

टायरबद्दल एक इशारा. शेतात चालवायच्या चौचाकी बाइकचे फुगीर टायर बग्गीला शोभतात, पण त्यातल्या बऱ्याचशा टायरांवर रस्त्यासाठी नाहीत असं छापलेलंच असतं. त्यांची घडण मंद वेगासाठी असते. डांबरावर ताशी १०० किलोमीटरने ते तापतात. रस्त्याला मान्यता असलेले, वजन आणि वेगाची क्षमता लिहिलेले टायरच लावावे लागतात. त्या टायरांवर मडगार्डही हवं: ॲक्सलच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरची पूर्ण रुंदी झाकली पाहिजे. चाकाने उडवलेला खडा मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जाऊ नये यासाठी हे. पुढची मडगार्डं चाकासोबत वळतात, म्हणून ती चाकाच्या गाभ्यालाच दांड्या लावून बसवतात, आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा त्या दांड्यांना थेट बसतो. दांडी बारीक असेल तर काही महिन्यांत वेल्डजवळ चीर पडते. इथे वजन वाचवू नये.

दिव्यांचा भाग मापांचा आहे, चातुर्याचा नाही. लो बीमचा हेडलाइट जमिनीपासून ५०० ते १२०० मिलिमीटरच्या दरम्यान हवा, गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिलिमीटरपेक्षा आत नको, म्हणजे रात्री समोरच्याला गाडीची खरी रुंदी कळते. मागे धुक्याचा लाल दिवा सक्तीचा आहे. प्रत्येक दिवा ठरलेल्या कोनांतून दिसला पाहिजे, आणि बग्गीचे पाइप, स्पेअर चाक, सायलेन्सर नेमके त्या कोनांच्या आड येतात. काचेवर मान्यतेची खूण असलेले दिवेच चालतात.

स्पीडोमीटरची गंमत मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. नियम एकतर्फी आहे: काटा खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवू शकतो, एका मर्यादेपर्यंत, पण कमी कधीच नाही. मर्यादा खऱ्या वेगावर १० टक्के अधिक ताशी सव्वासहा मैल अशी आहे. खरा वेग ५० असेल तर काटा ६१च्या आसपास गेला तरी चालतं, ४९ दाखवला तर नाही. बग्गीचे टायर मूळ गाडीपेक्षा १० टक्के मोठे असतील तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी १० टक्के जास्त पळते, आणि काटा ६० वर असताना खरा वेग ६६ असतो. मोटारसायकलचं इंजिन, वेगळी चेन, वेगळं स्प्रॉकेट असेल तर तफावत आणखी वाढते. त्यामुळे सेन्सर आणि काटा यांच्यामध्ये एक छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र लावून हिशेब जुळवून घ्यावा लागतो.

आवाजाची चाचणी उभ्या गाडीवर होते. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत माइक धरतात आणि इंजिन ज्या फेऱ्यांवर पूर्ण ताकद देतं त्याच्या तीन चतुर्थांश फेऱ्यांपर्यंत नेतात. हौशी गाडीला मर्यादा ९९ डेसिबल. मोटारसायकलचं इंजिन १२ हजार फेऱ्यांवर ताकद देत असेल तर चाचणी नऊ हजारांवर होते, आणि नऊ हजारांवर हे इंजिन किंचाळतं. डेसिबलचं माप फसवं असतं. तीन डेसिबलने जास्त म्हणजे आवाजाची शक्ती दुप्पट. 'थोडक्यात हुकलं' असं म्हणणाऱ्याला बऱ्याचदा सायलेन्सरच नवा बांधावा लागतो. धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते, म्हणून ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचे कागद जपून ठेवायचे असतात.

पहिल्याच फेरीत नापास होणं यात काही कमीपणा नाही. तपासनीस काय चुकलं ते लिहून देतो, ते दुरुस्त करून पुन्हा वेळ घ्यायची. पास झाल्यावर प्रमाणपत्र आणि बांधणीची माहिती घेऊन नोंदणी खात्याकडे जायचं. सगळे भाग नवे असतील तर चालू सालाचा नंबर मिळतो. प्रमुख भाग एकाच जुन्या गाडीतून आले असतील तर त्या गाडीच्या वयाचा. भाग इकडून तिकडून गोळा केले असतील आणि वय ठरत नसेल, तर 'क्यू' अक्षराने सुरू होणारा नंबर मिळतो. बऱ्याच बांधणाऱ्यांना या 'क्यू'चा संकोच वाटतो, विकताना किंमतही पडते. मला तो संकोच अनाठायी वाटतो. पुढच्या खरेदीदाराला गाडीबद्दलची खरी गोष्ट एका अक्षरात सांगणारी ती पाटी आहे.

एका सवयीबद्दल मात्र मनापासून बोलायला हवं. तपासणीहून घरी परतल्यावर काही जण त्याच संध्याकाळी बोल्टवरच्या टोप्या, कडांचे रबर, पाइपांवरची गादी उपटून टाकतात, कारण गाडी 'ओबडधोबड' दिसते. यातून तपासनीस फसत नाही, त्याचं काम झालेलं असतं. फसतो तो नाक्यावरचा सायकलवाला, ज्याला कायद्याने दिलेलं अडीच मिलिमीटरचं संरक्षण कुणीतरी शोभेसाठी काढून घेतलेलं असतं. गाडी देखणी हवी असेल तर कडा आखतानाच गोल करा. चांगल्या बांधणाऱ्यांच्या बग्ग्यांमध्ये टोप्या शोधाव्या लागतात, कारण बोल्टच आतल्या बाजूने टाकलेले असतात.

हे सगळं वाचताना मला सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे आठवतं. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. २०२१च्या अखेरीस तिथल्या एका कारागिराने भंगारातल्या सुट्या भागांतून छोटी जीप बांधल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. तिला मोटारसायकलसारखी किक मारून सुरू करायची सोय होती. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्या कौशल्याचं जाहीर कौतुक केलं आणि सोबत हेही सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील. गाडीच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२मध्ये ती त्या कुटुंबाला मिळाली. शेवट गोड झाला. पण त्या कारागिराच्या गाडीत काय बरोबर होतं, काय धोकादायक होतं, कुठे काय सुधारलं असतं तर ती चालली असती, हे त्याला कुणी कलमवार सांगितलं असतं अशी व्यवस्थाच आपल्याकडे नाही.

आपले नियम गाडी बनवणारी कंपनी गृहीत धरतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमानुसार उत्पादकाने नमुन्याची गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायची, आणि मग तशा हजारो गाड्या विकायच्या. तपासणीचा खर्च त्या हजारोंत वाटला जातो. एकच गाडी बांधणाऱ्याला तो खर्च पेलणं अशक्य. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मूळ गाडीत बदल करण्यावर बंधन घालतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे लावलं. आपल्या रस्त्यांवरची गर्दी आणि अपघात पाहता ही कडक भूमिका मला समजते. पण बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये तपासणी नावाचा एक तिसरा रस्ता आहे, आणि ब्रिटनने तो १९९८पासून चालवून दाखवला आहे.

आपल्याकडे माणसं नाहीत असंही नाही. मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला २००७मध्ये 'बाहा एसएई इंडिया' ही विद्यार्थ्यांची बग्गी स्पर्धा सुरू झाली. मूळ स्पर्धा १९७६मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात जन्मली होती. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी कॉलेजांचे संघ तिच्यात उत्साहाने उतरतात. मुलं पाइप वाकवतात, कॅस्टर मोजतात, आर्म घडवतात. ट्रॅकवर जाण्याआधी परीक्षक गाडीची कसून तपासणी करतात, आणि ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं लॉक करून दाखवावी लागतात. म्हणजे एकट्या गाडीची डोळ्याने, हाताने आणि साध्या मापांनी तपासणी करणारे अनुभवी लोक या देशात आहेत, आणि तशी गाडी बांधणारी पोरंही. स्पर्धा संपली की बग्ग्या टेम्पोवर चढवून कॉलेजला परत आणतात आणि पुढच्या वर्षीच्या संघासाठी त्यांचे भाग सुटे करतात. एका गाडीला लागू पडेल अशी नियमावली आणि ती वाचून पाहणारा एक प्रशिक्षित तपासनीस प्रत्येक मोठ्या आरटीओत असेल, तर यातल्या एखाद्या संघाला पुढच्या वर्षी वेगळं काही आखता येईल: पाच मिलिमीटरचा पत्रा, चाकासोबत वळणारी मडगार्डं आणि ५०० मिलिमीटरच्या वर बसवलेले हेडलाइट.